गेमिंग मॉनिटर घेताय? खोक्यावर दोन्ही सोयी असतात, चालते एका वेळी एकच

परीक्षा संपल्या, ईदी हातात जमली, की बऱ्याच घरांत हा विषय निघतो. "अब्बा, या वेळी गेमिंग मॉनिटर घेऊया." मग मुलगा मोबाइलवर चार मॉडेल दाखवतो. खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं: १४४ हर्ट्झ, फ्रीसिंक, १ एमएस, मोशन ब्लर रिडक्शन. दुकानदार म्हणतो, "चाचा, सब कुछ है इसमें." तो खोटं बोलत नसतो. त्या मॉनिटरमध्ये ते सगळं खरंच असतं. एक गोष्ट मात्र सांगायची राहून जाते. फ्रीसिंक चालू केलं की बहुतेक मॉनिटरांत ब्लर रिडक्शन बंद होतं, आणि ब्लर रिडक्शन चालू केलं की फ्रीसिंक बंद. मेनूमधला तो पर्याय करडा पडतो आणि बटण कितीही दाबलं तरी हलत नाही.

आम्ही पेशाने शिक्षक. गेमचा शौक चांगला की वाईट, हा वाद आज बाजूला ठेवतो. मॉनिटर घरात येणारच असेल तर या दोन सोयींपैकी आपल्या घरातल्या संगणकाला कोणती उपयोगी आहे, आणि नुसत्या नावासाठी जास्तीचे पैसे कुठे जातात, एवढंच इथे समजून घ्यायचं आहे.

चित्र काढणारा वेगळा, लावणारा वेगळा

गेम चालू असतो तेव्हा दोन यंत्रं दोन वेगळी कामं करत असतात. ग्राफिक्स कार्ड एकामागून एक चित्रं तयार करतं. अशा एका चित्राला फ्रेम म्हणतात. मॉनिटर ती चित्रं पडद्यावर लावतो. ६० हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला ६० वेळा पडदा नव्याने रंगवतो, म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदांनी एकदा. १४४ हर्ट्झचा मॉनिटर हेच काम दर ६.९ मिलिसेकंदांनी करतो.

मॉनिटरची चाल ठरलेली असते, कार्डाची नसते. गेममध्ये मोकळा रस्ता असेल तर फ्रेम भराभर तयार होतात. स्फोट झाला, धूर उडाला, समोर वीस माणसं आली की तेच कार्ड धापा टाकायला लागतं. आत्ता सेकंदाला ११० फ्रेम येत होत्या, पुढच्या मिनिटाला ६५. गडबड इथेच सुरू होते.

मॉनिटर चित्र वरून खाली रंगवत जातो. अर्धा पडदा रंगवून झाला आणि तेवढ्यात कार्डाने नवी फ्रेम पुढे केली, तर वरचा अर्धा भाग जुन्या फ्रेमचा आणि खालचा नव्या फ्रेमचा, असं चित्र तयार होतं. खेळताना मान झटकन वळवली तर समोरचा विजेचा खांब मधोमध चिरून अर्धा बाजूला सरकल्यासारखा दिसतो. याला टेअरिंग म्हणतात. ज्याने एकदा ओळखलं त्याला मग ते सगळीकडे दिसायला लागतं.

यावर जुना इलाज म्हणजे व्ही-सिंक. हा पर्याय जवळपास प्रत्येक गेमच्या सेटिंगमध्ये असतो. त्यात कार्डाला सांगितलं जातं की मॉनिटरच्या वेळेची वाट बघ. चीर नाहीशी होते, पण किंमत दुसरीकडे मोजावी लागते. एसटीचं उदाहरण घ्या. गाडी दर वीस मिनिटांनी सुटते. तुम्ही एकविसाव्या मिनिटाला स्टँडवर पोहोचलात. उशीर एकाच मिनिटाचा, पण बसावं लागतं पुढच्या गाडीपर्यंत. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर एखादी फ्रेम १६.७ ऐवजी १७.५ मिलिसेकंदांत तयार झाली की तीही अशीच ताटकळते आणि ३३.३ व्या मिलिसेकंदाला दिसते. तोपर्यंत पडद्यावर जुनंच चित्र. खेळणाऱ्याला हा धक्का जाणवतो. शिवाय माऊस हलवला आणि पडद्यावर हालचाल दिसली, यातलं अंतरही वाढतं.

व्हीआरआर म्हणजे काळी-पिवळी

मराठवाड्यात, विदर्भात काळी-पिवळी जीप असते, पश्चिम महाराष्ट्रात तिलाच वडाप म्हणतात. तिला वेळापत्रक नाही. माणसं भरली की सुटली. व्हेरिएबल रिफ्रेश रेट, म्हणजेच व्हीआरआर, हे असंच आहे. मॉनिटर स्वतःचं घड्याळ बाजूला ठेवतो आणि फ्रेम तयार झाली की लगेच पडदा रंगवतो. ९ मिलिसेकंदांत तयार झाली तर नवव्या मिलिसेकंदाला, १४ लागले तर चौदाव्याला. चीर नाही, ताटकळणंही नाही.

एनव्हिडियाने हे तंत्र जी-सिंक या नावाने ऑक्टोबर २०१३ मध्ये जाहीर केलं. त्यासाठी मॉनिटरमध्ये कंपनीचं वेगळं सर्किट बसवावं लागत असल्याने असे मॉनिटर महाग पडायचे. २०१४ मध्ये व्हेसा या प्रमाणीकरण संस्थेने अ‍ॅडॅप्टिव्ह-सिंक ही खुली पद्धत डिस्प्लेपोर्टच्या मानकात आणली, आणि एएमडीच्या फ्रीसिंकचे मॉनिटर २०१५ पासून बाजारात आले. बरीच वर्षं एनव्हिडियाचं कार्ड असलेल्यांना फ्रीसिंकचा फायदा मिळत नव्हता. जानेवारी २०१९ मध्ये एनव्हिडियाने ती अडचण दूर केली. जीटीएक्स १० मालिका आणि पुढची कार्डं फ्रीसिंक मॉनिटरवर डिस्प्लेपोर्टच्या वायरीने व्हीआरआर चालवू लागली. आज साध्या बजेटच्या गेमिंग मॉनिटरमध्येही ही सोय असते ती यामुळेच. तेव्हा "जी-सिंक पाहिजेच" म्हणून दुप्पट पैसे मोजण्याची गरज आता बहुतेकांना उरलेली नाही.

खरेदीपूर्वी एक आकडा जरूर बघावा, तो म्हणजे व्हीआरआरचा पल्ला. माहितीपत्रकात तो ४८ ते १४४ हर्ट्झ असा दिलेला असतो. फ्रेम ४८ च्या खाली गेल्या तर काय? चांगल्या मॉनिटर-कार्डाच्या जोडीत तीच फ्रेम दोनदा दाखवली जाते. ४० फ्रेम येत असतील तर पडदा ८० वेळा रंगवला जातो आणि पल्ला सुटत नाही. मात्र त्यासाठी वरचा आकडा खालच्या आकड्याच्या दुपटीहून जास्त लागतो. ४८ ते ७५ अशा तोकड्या पल्ल्याच्या मॉनिटरवर हे जमत नाही, आणि व्हीआरआरची खरी गरज असते तेव्हाच ते साथ सोडतं.

व्हीआरआरकडून नको त्या अपेक्षाही ठेवल्या जातात. ते फ्रेम वाढवत नाही. कार्ड ५० च फ्रेम काढत असेल तर ५० च दिसणार, फक्त न अडखळता दिसणार. काही व्हीए पॅनलच्या आणि ओएलईडी पडद्यांवर फ्रेम एकदम वर-खाली झाल्या की, विशेषतः गडद प्रसंगांत किंवा गेम लोड होताना, उजेड लुकलुकतो. मॉनिटर बिघडला असं समजून लोक दुकानात धावतात, पण त्या पॅनलची ती खोड असते. आणि आपल्या विषयातली मुख्य गोष्ट: धावत्या चित्राचा फासटपणा व्हीआरआरने कमी होत नाही.

फासटतं ते डोळ्यात

हा भाग जरा सावकाश वाचा. दुकानातही हे क्वचितच कोणी समजावून सांगतं.

प्लॅटफॉर्मवर उभे आहात आणि न थांबणारी गाडी समोरून जाते आहे. नजर समोरच्या खांबावर रोखली तर डब्यावरची अक्षरं नुसती पुसट रेघ दिसतात. पण नजर त्या पाटीबरोबर वळवत नेली तर क्षणभर नाव वाचता येतं. डोळा पाटीच्या वेगाने सरकला म्हणून ती डोळ्यासाठी स्थिर झाली.

गेममध्ये धावणाऱ्या शत्रूमागे नजर अशीच सरकत जाते. पण पडद्यावरचा शत्रू खरं तर सरकत नसतो. तो एका जागी १६.७ मिलिसेकंद खिळलेला राहतो, मग उडी मारून पुढच्या जागी जातो, पुन्हा तिथे खिळतो. नजर मात्र सलग पुढे जात राहते. खिळलेल्या चित्रावरून नजर सरकली की ते चित्र डोळ्याच्या पडद्यावर फासटतं, ओल्या शाईवरून बोट फिरवल्यासारखं. स्क्रीनशॉट काढून बघा, प्रत्येक फ्रेम साफ असते. फासटलेलं चित्र डोळ्यात तयार होतं.

याचा हिशेब पाचवीतला मुलगाही करू शकेल. पडदा १९२० ठिपके रुंद आहे आणि एखादी वस्तू तो दोन सेकंदांत पार करते. म्हणजे सेकंदाला ९६० ठिपके. ६० हर्ट्झवर, ६० फ्रेम असताना, फासटपणा ९६० भागिले ६० म्हणजे १६ ठिपके. १२० वर ८ ठिपके. २४० वर ४ ठिपके. प्रत्येक चित्र जितका कमी वेळ पडद्यावर राहील तितका फासटपणा कमी. ही अट लक्षात ठेवा: मॉनिटर १४४ हर्ट्झचा असला तरी कार्ड ६० च फ्रेम देत असेल तर प्रत्येक चित्र १६.७ मिलिसेकंदच टिकतं आणि फासटपणा ६० हर्ट्झइतकाच राहतो.

इथे एक गैरसमज दूर करू. गेमच्या स्वतःच्या सेटिंगमध्येही "मोशन ब्लर" नावाचा पर्याय असतो. सिनेमासारखं वाटावं म्हणून गेम स्वतःच चित्र मुद्दाम पुसट करतो. त्याचा मॉनिटरशी संबंध नाही, बंद करायला पैसाही लागत नाही. चित्र फासटतंय अशी तक्रार असेल तर सगळ्यात आधी तो बंद करून बघा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतील.

ब्लर रिडक्शन: अंधारात चमकलेली वीज

पावसाळ्याच्या रात्री वीज चमकते तेव्हा धावणारा माणूस क्षणभर थिजल्यासारखा साफ दिसतो. मोशन ब्लर रिडक्शन हेच करतं. एलसीडी पडद्यामागे जो दिवा असतो, ज्याला बॅकलाइट म्हणतात, तो सतत न पेटवता प्रत्येक फ्रेममध्ये एकदाच, साधारण एक-दोन मिलिसेकंद पेटवतात. बाकीचा वेळ पडदा काळा. त्या काळोखात ठिपके रंग बदलून घेतात आणि चित्र तयार झालं की झपकन उजेड पडतो. चित्र डोळ्याला एकच मिलिसेकंद दिसलं तर वरच्या हिशेबातला १६ ठिपक्यांचा फासटपणा सुमारे एका ठिपक्यावर येतो. फरक मोठा आहे. धावत्या माणसाच्या डोक्यावरचं नाव वाचता येतं.

हा प्रकार जुनाच आहे. आमच्या पिढीने ज्या डबा मॉनिटरवर संगणक शिकला, त्याच्या काचेवरचा प्रत्येक ठिपका किरण पडताच उजळून लगेच विझायचा. म्हणून त्यावर धावतं चित्र आजच्या कित्येक सपाट पडद्यांपेक्षा साफ दिसायचं. मॉनिटर सपाट झाले आणि चित्र पडद्यावर खिळून राहू लागलं. पुढे २०११ च्या सुमारास एनव्हिडियाने चष्मा लावून बघायच्या त्रिमिती गेमसाठी लाइटबूस्ट नावाचा लखलखता बॅकलाइट आणला. तो साध्या गेममध्ये वापरला तर फासटपणा जातो, हे खेळणाऱ्यांनीच शोधून काढलं. मग कंपन्यांनी त्याला आपापली नावं दिली. एनव्हिडियाचं यूएलएमबी, बेनक्यूच्या झोवीमध्ये डायॅक, आसुसमध्ये ईएलएमबी, एसरमध्ये व्हीआरबी, एलजीमध्ये सरळ "१ एमएस मोशन ब्लर रिडक्शन". नावं पाच असली तरी काम एकच.

आता याची किंमत. पहिली उजेडाची. दिवा बहुतेक वेळ बंद, म्हणून पडदा चांगलाच मंद होतो, कित्येक मॉनिटरांत निम्म्याहून खाली. खिडकीसमोर टेबल असलेल्या खोलीत दुपारी ते जाणवतं. दुसरी डोळ्यांची. सेकंदाला १२० वेळा लुकलुकणारा दिवा बहुतेकांना लुकलुकताना दिसत नाही, पण काहींचे डोळे थकतात, डोकं जड होतं. ६० वर तर लुकलुक सरळ दिसते. घरात कोणाला अर्धशिशी असेल तर हा पर्याय जपून वापरावा. फिट येण्याचा इतिहास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. तिसरी किंमत भुताची. ठिपके वेळेत रंग बदलू शकले नाहीत की उजेड पडताना जुन्या चित्राची फिकट सावली बाजूला दिसते, बहुधा पडद्याच्या वरच्या किंवा खालच्या पट्ट्यात. शिवाय ठिपके तयार होईपर्यंत दिवा थांबतो, त्यामुळे चित्र दिसायला किंचित उशीर होतो.

चौथी अट सगळ्यात कडक आहे, आणि बहुतेक घरांत गाडं इथेच अडतं. फ्रेम आणि हर्ट्झ यांची जोडी अचूक जमायला हवी. मॉनिटर १२० वर लखलखतोय आणि कार्ड ६० च फ्रेम देतंय असं समजा. एकच फ्रेम दोनदा उजळली. पहिल्या झपकीनंतर नजर पुढे सरकली, दुसऱ्या झपकीला चित्र मात्र जुन्याच जागी. डोळ्याला एकाऐवजी दोन शत्रू दिसतात, शेजारी-शेजारी. फासटलेलं एक चित्र परवडलं, पण साफ दिसणारी दोन चित्रं नकोत. फ्रेम ९०, १०५, ८० अशा नाचत असतील तर ही जोडचित्रंही नाचतात.

दोन्ही एकदम का नाही

आता उत्तर सोपं आहे. व्हीआरआरमध्ये फ्रेम येण्याची वेळ ठरलेली नसते. ब्लर रिडक्शनला ठरलेल्या वेळी दिवा पेटवावा लागतो. फ्रेम येईल तेव्हा दिवा पेटवायचा ठरवलं, तर १४० फ्रेमला दिवा १४० वेळा पेटणार आणि ७० ला ७० वेळा. म्हणजे फ्रेम कमी झाल्या की खोलीतला बल्ब मंद व्हावा तसा पडदा मंद होणार, वर लुकलुक डोळ्यात भरणार. प्रत्येक झपकीची लांबी किंवा जोर बदलून उजेड सारखा ठेवता येतो, पण पुढची फ्रेम कधी येणार हे आधी माहीत नसताना ते अचूक साधणं कठीण.

कंपन्यांनी प्रयत्न सोडलेले नाहीत. आसुसने २०१९ मध्ये ईएलएमबी सिंक या नावाने दोन्ही एकत्र आणलं. तरी स्वस्त आणि मधल्या वर्गात अशा जोडणीत भुताचं आणि लुकलुकीचं प्रमाण बघून लोक शेवटी एकच चालू ठेवतात. एनव्हिडियाने जानेवारी २०२४ मध्ये जी-सिंक पल्सर जाहीर केलं, ज्यात पडद्याचा दिवा पट्ट्यापट्ट्यांनी, फ्रेमच्या चालीप्रमाणे उजळतो. तंत्र हुशार आहे, पण ते वरच्या किमतीच्या मॉनिटरांसाठी. साध्या बजेटच्या खरेदीत निवड करावीच लागते.

"१ एमएस" म्हणजे नेमकं काय

खोक्यावरच्या १ एमएसचे दोन वेगळे अर्थ असतात आणि दुकानात दोन्हींची सरमिसळ होते. एक असतो जीटीजी, म्हणजे ठिपका एका करड्या छटेतून दुसऱ्या छटेत जायला लागणारा वेळ. दुसरा एमपीआरटी, म्हणजे धावतं चित्र डोळ्याला किती वेळ दिसत राहतं त्याचं माप. बारीक अक्षरात "१ एमएस एमपीआरटी" लिहिलं असेल तर समजून जा: हा आकडा ब्लर रिडक्शन चालू असतानाचा आहे. म्हणजे फ्रीसिंक बंद आणि उजेड कमी असताना. खोक्याच्या एका कोपऱ्यात फ्रीसिंक आणि दुसऱ्या कोपऱ्यात १ एमएस एमपीआरटी ही दोन आश्वासनं एकाच वेळी पाळली जाणार नसतात. याच गोंधळामुळे व्हेसाने २०२२ मध्ये क्लिअरएमआर नावाचं वेगळं माप आणलं. खोक्यावर ते असेल तर त्यावर जास्त भरवसा ठेवावा.

दुकानात विचारायचा प्रश्न एकच: "भाई, फ्रीसिंक चालू ठेवून ब्लर रिडक्शन चालू करून दाखवा." मेनू उघडायला दोन मिनिटं लागतात. ऑनलाइन घेणार असाल तर त्या मॉडेलचं माहितीपुस्तक कंपनीच्या साइटवर मोफत असतं. कोणता पर्याय चालू असताना कोणता बंद होतो, हे बऱ्याचदा त्यात लिहिलेलं असतं.

आपल्या घरी काय लावायचं

आधी आपला संगणक किती फ्रेम देतो ते मोजा. विंडोजमध्ये विंडोज बटण आणि जी एकत्र दाबलं की गेम बार उघडतो, त्यात फ्रेमचा आकडा दिसतो. स्टीमच्या सेटिंगमध्येही तो मिळतो. मुलगा रोज जो गेम खेळतो तो अर्धा तास चालवा आणि सगळ्यात गर्दीच्या प्रसंगात आकडा कुठवर खाली येतो ते लिहून ठेवा. जाहिरातीत सगळ्यात मोठा आकडा सांगतात. आपल्याला सगळ्यात लहान आकडा हवा.

बहुतेक घरांत एकच संगणक असतो. त्यावर मोठ्या बहिणीचं प्रोजेक्ट, अब्बांचा जीएसटीचा हिशेब आणि रात्री गेम. कार्ड साधं. अशा संगणकावर जीटीए किंवा फोर्झासारखे जड गेम ५० ते ९० फ्रेमच्या मध्ये हेलकावे खातात. इथे निवडीचा प्रश्नच नाही. व्हीआरआर चालू, ब्लर रिडक्शन बंद. उन्हाळ्यात तर आणखीच. खोली तापली की, खास करून लॅपटॉपमध्ये, कार्ड स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतं आणि फ्रेम घसरतात. ठरलेल्या चालीवर चालणारं ब्लर रिडक्शन अशा संगणकाला झेपणारं नाही.

ब्लर रिडक्शनचा हक्कदार वेगळा आहे. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइकसारखे स्पर्धेचे गेम त्यामानाने हलके असतात. ठीकठाक कार्डावरही त्यांचा आकडा मॉनिटरच्या हर्ट्झच्या बराच वर राहतो, आणि तिथे क्षणभर दिसलेल्या शत्रूला ओळखणं हाच खेळ आहे. स्पर्धांमध्ये झोवीसारखे लखलखत्या बॅकलाइटचे मॉनिटर दिसतात ते याचसाठी. मुलगा अशा खेळात खरंच मन लावून उतरला असेल, फ्रेम सर्वात गर्दीच्या क्षणीही मॉनिटरच्या आकड्याखाली जात नसतील, खोली फार उजेडाची नसेल आणि डोकं दुखत नसेल, तर त्याने जरूर लावून बघावं. एक युक्ती सांगतो. १४४ किंवा १६५ हर्ट्झचा मॉनिटर ब्लर रिडक्शनसाठी १२० वर चालवा. ठिपक्यांना थोडी उसंत मिळते, भूत कमी होतं, आणि कार्डालाही १२० गाठणं सोपं. जुन्या यूएलएमबी मॉनिटरांनी १४४ वर ही सोय दिलीच नव्हती. ८५, १०० आणि १२० एवढेच पर्याय असायचे.

फरक स्वतःच्या डोळ्याने बघायचा असेल तर टेस्टयूएफओ ही मोफत साइट ब्राउझरमध्ये उघडा. त्यावर उडत्या तबकड्या सेकंदाला ९६० ठिपक्यांच्या वेगाने सरकत असतात. नजर तबकडीबरोबर न्या. आधी साध्या स्थितीत, मग ब्लर रिडक्शन चालू करून. पाच मिनिटांत कळतं की आपल्या डोळ्याला याची किंमत आहे की नाही. सगळ्यांना असते असं नाही. घरातल्या एकाला फरक लगेच दिसतो, दुसरा म्हणतो "दोन्ही सारखंच आहे." सारखंच दिसत असेल तर त्यावर जास्तीचा रुपया घालू नये.

टीव्हीवर कन्सोल खेळणाऱ्यांचं थोडक्यात. एक्सबॉक्स सिरीज एक्स आणि एस मध्ये व्हीआरआर आहे, प्लेस्टेशन ५ ला ते एप्रिल २०२२ च्या अपडेटने मिळालं. टीव्हीमध्ये एचडीएमआय २.१ चं व्हीआरआर असेल तर चालू ठेवा. टीव्हीच्या मेनूत काळी फ्रेम मध्ये घालण्याचा जो पर्याय असतो तो ब्लर रिडक्शनचाच भाऊ. कन्सोलचे कित्येक गेम ३० किंवा ६० फ्रेमवर चालतात, त्यामुळे तो बंदच बरा. मोबाइलमधलं "अ‍ॅडॅप्टिव्ह १२० हर्ट्झ" मात्र मुख्यतः बॅटरी वाचवण्यासाठी असतं. त्याला यात गोवू नका.

लावताना

नवा मॉनिटर घरी आला की विंडोज त्याला पुष्कळदा ६० हर्ट्झवरच चालवतं. १४४ चे पैसे मोजून महिनोन्‌महिने ६० वर खेळणारी मुलं आहेत. डिस्प्ले सेटिंगमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्लेत जाऊन रिफ्रेश रेट स्वतः बदलावा लागतो. फ्रीसिंक दोन ठिकाणी चालू करायचं असतं: मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत आणि कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर एचडीएमआयऐवजी डिस्प्लेपोर्टची वायर वापरा. खोक्यात नसेल तर वेगळी घ्यावी लागेल, तेवढे पैसे बजेटमध्ये धरा.

शेवटी फ्रेमला वरून लगाम. व्हीआरआर पल्ल्याच्या आतच काम करतं, कार्ड मॉनिटरच्या पुढे धावलं की सुटतं आणि चीर परत येते. म्हणून १४४ च्या मॉनिटरवर फ्रेमची मर्यादा १४१ ठेवा, १६५ वर १६२. ही मर्यादा गेमच्या सेटिंगमध्ये किंवा कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये घालता येते. कार्ड कमी तापतं, पंख्याचा आवाजही कमी होतो, आणि बाजूच्या खोलीत झोपलेल्या दादीची तक्रारही.